पांढरं पडलेलं माहेर

मी कवडी बोलतेय. तीसुद्धा फुटकी.

तुमच्या बोलण्यात माझं नाव कशासाठी येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. दिग्रसच्या बाजारातून एसटीनं परतणारी माणसं घाम पुसत म्हणायची, "कापूस कवडीमोल गेला गा." मी शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या गाठोड्यातून ते ऐकायची. वाईट नाही वाटलं कधी. फुटकी तर मी आहेच. डोक्यावर घागरीखाली ठेवायच्या चुंबळीवर शिवता यावं म्हणून माझी पाठ फोडली आणि त्यातून दोरा ओवला. तेव्हापासून पोटावरच्या दातेरी फटीतून मी जग पाहते.

पण आज मी माझ्या किमतीचं बोलायला बसलेली नाही. पन्नास वर्षांनी मी माहेरी जाऊन आले. तिथं जे पाहिलं, ते इतकी वर्षं झाली तरी मला खरं वाटत नाही. कुणाला तरी सांगितलं पाहिजे, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म अरबी समुद्रातला, लक्षद्वीपच्या एका लहानशा बेटाजवळचा. बेटाभोवती प्रवाळाचं गोल कडं होतं आणि कड्याच्या आत कमरेइतकं, कुठं पुरुषभर, निवळ पाणी. तेव्हा मी रिकामी नव्हते. माझ्या आत एक मऊ जीव राहत होता. तो आपलं अंग बाहेर पसरून माझ्या पाठीवर पांघरूण घाली. माझी चकाकी ती त्याचीच.

प्रवाळ म्हणजे दगड, असं तुम्ही समजता. मी त्यांच्या शेजारात राहिले नसते तर मीही तसंच समजले असते. ते दगड नव्हेत, घरं बांधणारे बारके बारके जीव आहेत. लाखो जण एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वस्तीला असतं. ते उन्हावर अन्न रांधतं आणि प्रवाळाला जेवू घालतं. रंगही त्याचाच. तपकिरी, हिरवा, जांभळ्या टोकांचा, हळदीसारखा. आणि आवाज! समुद्र मुका असतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? कोळंबीच्या नांग्यांची तडतड, पोपटमाशांचं कुरुमकुरुम चरणं, भरल्या बाजारासारखा गजबजाट दिवसभर चाले.

एका ओहोटीला बेटावरच्या बायका आल्या. त्यांनी मला वेचलं आणि इतर हजारो कवड्यांबरोबर वाळूत पुरलं. आतला जीव कुजून गेला. उरलं ते कवच म्हणजे मी. गोणीतून, गलबतातून, आगगाडीतून, कुठकुठल्या बाजारांतून फिरत मी शेवटी फुलसावंगीच्या आठवडी बाजारात आले. तिथून एका बंजारा बाईनं मला तांड्यावर नेलं, तिच्या मुलीच्या लग्नाची चुंबळ सजवायला.

ती मुलगी म्हणजे सुखीबाई. लाल-निळ्या चिंध्यांची गोल चुंबळ, तिच्या कडेनं आम्ही चाळीस कवड्या. लग्नात तिनं ती मिरवली आणि नंतर रोज वापरली. घागरीखाली दबून मी सुखीबाईच्या डोक्यावरून किती वर्षं विहीर ते घर केलं, त्याला मोजदाद नाही. घागर डचमळली की थेंब माझ्यावर पडे. मी चाखून पाही. गोडं असे. दर वेळी गोडंच असे.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडात अळी, पावसाचा भरवसा नाही, भावाचा तर नाहीच. सुखीबाईचा मुलगा प्रेमसिंग शेती करून गवंडीकामही करायचा. पण गावात बांधतंय कोण? दिग्रसची कापसाची एक जिनिंग बंद पडली, तिथं रहेमानभाई फिटर होते. कुठल्याही मशीनला कान लावून त्याचं दुखणं सांगणारा माणूस. त्यांना एका ठेकेदाराकडे लक्षद्वीपला, माझ्याच बेटावर काम मिळालं. धक्का बांधायचा होता, बोटी लागायला. जाताना त्यांनी प्रेमसिंगला विचारलं, "चलतं का? गवंडी पायजे. बायकोलेही काम भेटते घमेल्याचं."

प्रेमसिंगची बायको बसंतीबाई कापूस वेचण्यात तांड्यात पहिली. तिनं कधी नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. निघायच्या दिवशी तिनं खुंटीवरची चुंबळ मागितली.

"वाळूच्या घमेल्याखाली माह्या लग्नाची चुंबळ कायले?" सुखीबाई म्हणाली.

"मऊ हाय वं याडी. डोक्शाले लागत नाही." सासूला ती याडी, म्हणजे आईच म्हणायची.

सुखीबाईनं चुंबळ हातात फिरवली, माझ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ने. ह्या समुद्रातून येतात म्हणते. पोरीले तिचं माहेर दाखवून आण."

मी कवच आहे, मला काळीज नाही. तरी त्या वेळी आत काहीतरी हललं.

दोन हजार दहा सालचा जानेवारी. कागद, शिक्के, दोन दिवसांची आगगाडी, मग जहाज. बसंतीबाई सबंध वाटेत ओकत होती. बेटावर उतरल्यावर तिनं वाळूला हात लावून नमस्कार केला, जमीन सापडली म्हणून.

मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांना लागून कुंजीबीचं घर होतं. तिचा नवरा कोया मासेमार. कुंजीबी पहिल्याच दिवशी विहिरीवर आली, बसंतीच्या डोक्यावरची चुंबळ पाहून थबकली, माझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "कवडी!"

बसंती चमकली. "हो वं! कवडी!"

दोघी हसत सुटल्या. एकीची मल्याळम, दुसरीची बंजाऱ्यांची गोरबोली आणि वऱ्हाडी. मधे हा एकच शब्द दोघींचा. तेवढ्यावर त्यांचं जमलं. बाकीचं हातवारे करत, आणि अडलं तर रहेमानभाईंना मधे घालून. ते मशिदीत जाऊन-येऊन चार शब्द शिकले होते.

फेब्रुवारीतल्या एका ओहोटीला कुंजीबी तिला प्रवाळावर घेऊन गेली. बसंतीनं चुंबळ दंडात चढवली होती. खाली वाकून तिनं पाण्यात हात घातला आणि मी पन्नास वर्षांनी खारं पाणी चाखलं.

तसंच होतं सगळं. तीच तडतड, तेच कुरुमकुरुम. तपकिरी फांद्यांमधून बोटाएवढे चंदेरी मासे एकदम वळत होते, कुणीतरी हुकूम दिल्यासारखे. कुंजीबीनं खुणेनं समजावलं, हे मासे म्हणजे कोयाची रोजी. पहाटे ते जिवंत धरायचे, होडीतल्या पाण्यात ठेवायचे. खोल समुद्रात मूठमूठ फेकले की कुपा नावाचे थोराड मासे झेपावत येतात आणि गळाला लागतात. हे नाहीत तर कुपा नाही, आणि कुपा नाही तर चूल नाही. मग तिनं एक दगड उचलून दाखवला. खाली एक जिवंत कवडी होती, पाठीवर पांघरूण घेतलेली. आमची सावली पडताच तिनं अंग आत ओढलं आणि तिची पाठ लखकन चमकली.

कुंजीबीनं दगड जिथला तिथं ठेवला. मला बोलता आलं असतं तर मी त्या कवडीला हाक मारली असती.

एप्रिलमध्ये वारा पडला. तसा पडतोच, पण या वेळी तो उठलाच नाही. पाणी तेलासारखं स्तब्ध. दिवसभर सूर्य ऊन ओतत राहिला. बसंतीला मात्र बरं वाटत होतं. संध्याकाळी समुद्रात पाय धुताना ती म्हणाली, "बाप्पा, आंघोळीले तापवल्यासारखं हाय पाणी."

तेव्हा कुंजीबी आली. तिनं बसंतीच्या कपाळाला तळवा लावला, मग तोच तळवा पाण्याला लावला आणि म्हणाली, "पनी. पनी."

"हो, पाणीच हाय ते," बसंती हसली.

कुंजीबीनं मान हलवली. पुन्हा कपाळ, पुन्हा समुद्र. "पनी!"

दोन दिवसांनी रहेमानभाईंनी उलगडा केला. "अवो बाई, त्यायच्या बोलीत पनी म्हंजे ताप. ती म्हणते, समुद्राले ताप चढला."

समुद्राचा अभ्यास करणारी काही माणसं तेव्हा बेटावर आली होती. त्यांच्या बोटीचं इंजिन रहेमानभाईंनी दुरुस्त केलं होतं आणि आकडा ऐकून आले होते. पाणी एकतीसच्या वर, कुठं कुठं बत्तीस. ते ऐकून आमचे सगळे मजूर हसले. "एकतीस? आपल्याकडे मे महिन्यात कोंबडा आरवते तवाच तीस असते!"

मीही मनात हसले. पन्नास वर्षं मी यवतमाळचे उन्हाळे सोसले होते. सेहेचाळीसमध्ये तापलेल्या पत्र्यावर पडून राहिले होते. नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काय होणार, असं मलाही वाटलं. तिथं जन्मलेल्या मला! हे तुम्हाला सांगताना आजही मान वर होत नाही माझी.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोठी ओहोटी होती. कुंजीबी पुढे, बसंती मागे, मी तिच्या दंडात. बसंतीनं खाली पाहिलं आणि आनंदानं किंचाळली.

"अवं माय! केवढा कापूस फुटला!"

जिथवर नजर पोचत होती तिथवर पांढरं होतं. फांदी न् फांदी पांढरी. वेचणीला आलेलं शिवार पाण्याखाली उभं असल्यासारखं. ती उभ्या आयुष्यात पांढऱ्या रंगाचा एकच अर्थ शिकली होती. ती टाळ्या पिटत म्हणाली, "पाह्य वं कुंजी, पाह्य! किती पीक आलं तुमच्याकडे!"

कुंजीबीनं मागे वळून पाहिलं. तिचं तोंड वाकडंतिकडं झालं आणि तिनं बसंतीच्या थोबाडीत मारली.

बसंतीचा हात गालावर गेला, तोल गेला, आणि ती कमरेइतक्या पाण्यात बसली. मी पाण्याखाली गेले.

काय सांगू तुम्हाला. पाणी ऊन होतं. त्यात माझे शेजारी होते, माझ्या जन्माच्याही आधीपासून तिथं असलेले, आणि एकाच्याही अंगावर रंग नव्हता. हाडं. नुसती हाडं उभी होती. पण त्याहून भयंकर होतं ते निराळंच. आवाज नव्हता. तडतड नाही, चरणं नाही. मी ऐकत राहिले. इतकी शांतता मी विहिरीच्या तळाशीही ऐकलेली नाही. भरल्या बाजारातून सगळी माणसं एकाएकी उठून जावीत आणि तराजू तेवढे लटकत राहावेत, तसं. मी वाट पाहिली, कुणीतरी एकदा तरी वाजेल. कुणी वाजलं नाही.

कुंजीबी चार दिवस बोलली नाही. बसंतीला आपलं काय चुकलं तेच कळेना. शेवटी रहेमानभाई दोघींच्या मधे उंबऱ्यावर बसले.

"तुमच्याकडे पांढरं झालं म्हंजे पीक आलं," कुंजीबीचं बोलणं त्यांनी सांगितलं. "आमच्याकडे पांढरं झालं म्हंजे जीव चालला. पाणी तापलं की आतलं शेवाळ परागंदा होते. मंग जेवू घालणारंच नाही कोणी. ते मेलं नाही अजून, उपाशी हाय. पाणी लवकर थंडावलं तर शेवाळ वापस येईन. नाही थंडावलं तर..."

बसंती उठली. कुंजीबीजवळ जाऊन तिनं तिचा हात धरला आणि आपल्याच दुसऱ्या गालावर मारून घेतला. मग दोघी रडल्या.

रात्री जेवताना तिनं रहेमानभाईंना विचारलं, "पण समुद्र तापवला कोनं?"

ते घास गिळून म्हणाले, "ते अभ्यासवाले सांगतात, सगळ्यायनं मिळून. गाड्या, कारखाने, कोळसा. धूर वर जाते, ऊन अडकून राह्यते आणि त्यातलं लय समुद्र पिऊन घेते. आपल्या वणीचा कोळसाही आलाच त्यात."

"आणि कुंजीनं काय जाळलं हो? नारळाच्या झावळ्या?"

रहेमानभाई ताट उचलून धुवायला गेले.

कोयाची होडी पहाटे जायची आणि उन्हं चढायच्या आत परत यायची. फांद्यांमधले चंदेरी मासे दिसेनासे झाले होते. ते नाहीत म्हणून खोल समुद्रात जाण्यात अर्थ नव्हता. बेटावरच्या कितीतरी होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसू लागल्या. माणसं त्यांच्या सावलीत बसून समुद्राकडे पाहत.

अशात आमच्या मुकादमानं नवीनच टूम काढली. धक्क्याच्या भरावाला दगड कमी पडत होता, मंगळूरहून यायला वेळ लागत होता. तो म्हणाला, "ते पांढरं मेलंच आहे. फोडा आणि भरा. कोण विचारतो!" प्रवाळ तोडायला बंदी असते, हे त्यालाही माहीत होतं. पण चार दिवसांवर साहेबांची पाहणी आली होती.

प्रेमसिंग सब्बल, लोखंडी पहार, घेऊन पाण्यात उतरला. मागे बसंती, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. कुंजीबी धावत आली. ती ओरडली नाही. तिनं बसंतीचं बोट धरलं आणि एका पांढऱ्या फांदीवर टेकवलं.

बसंतीनं बोट मागे ओढलं. "बुळबुळीत लागते!"

दगड बुळबुळीत नसतो. वरून पारदर्शक झालेलं प्रवाळांचं अंग अजून तिथंच होतं.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे जित्तं हाय. हात नका लावू."

"मुकादम म्हणते मेलं हाय."

"मुकादमानं हात लावून पाह्यला का?"

"बसंते, मुकादम वापस धाडून देईन दोघायले. तिकडं गावात काय ठेवलं हाय, सांग मले!" प्रेमसिंगनं सब्बल उचलली आणि हाणली. एक फांदी कडकन तुटली. त्यानं ती उचलली. तुटल्या जागेवरून चिकट पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं. त्यानं हात लुंगीला पुसला. पुन्हा पुसला. मग सब्बल खांद्यावर टाकून तो निमूट किनाऱ्याकडे चालू लागला.

बसंतीनं रिकामं घमेलं पाण्यावर सोडून दिलं. ते तरंगत गेलं.

त्या दुपारी सिमेंट कालवायचं मिक्सर बंद पडलं. रहेमानभाई त्याच्याखाली पडून कपाळावर हात मारत म्हणत होते, "लय मोठा बिघाड हाय साहेब. सामान मंगळूरवरून मांगवा लागते." त्यांच्या पायजम्याच्या खिशात एक पितळी तुकडा होता. मिक्सर नाही तर काँक्रीट नाही, काँक्रीट नाही तर भराव कशाला? आठ दिवस काम थांबलं. तोवर बेटावरच्या लोकांनी पंचायतीत जाऊन बोंब केली आणि फोडणं कायमचं थांबलं.

तुम्हाला वाटेल, झालं, वाचलं. मलाही वाटलं होतं.

मुकादमाला कळायचं ते कळलंच. जूनच्या पहिल्या जहाजानं तिघांनाही परत पाठवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी बसंती त्या फांद्यांना भेटायला गेली, ज्यांच्यासाठी तिनं काम सोडलं होतं. तिनं हात लावला. बुळबुळीत काही लागलं नाही. खरखरीत लागलं. वरून मळकट हिरवं, भलतंच शेवाळ धरू लागलं होतं. पाणी थंडावलंच नव्हतं. ती एक फांदी सोडली तर सब्बल न लागताच सगळे मेले होते. दगड उचलून पाहिला तर खाली माझ्या जातीचं कुणी नव्हतं.

ती तिथं कितीतरी वेळ दगड हातात धरून उभी राहिली. "मंग आपण थांबवलं काय?" एवढंच म्हणाली.

तांड्यावर परत आलो तेव्हा सुखीबाई दारातच होती. तिनं चुंबळ हातात घेतली आणि विचारलं, "कसं हाय वं माहेर हिचं?"

बसंतीनं सगळं सांगितलं. ऐकायला अर्धा तांडा जमला होता. उकंडा नावाचा म्हातारा मधेच हसला. "एकतीस डिग्रीत मरते? मंग आपुन कसे जित्ते राह्यलो?"

"उकंडाबा, मासोळी पाण्याबाहेर काढली तर सावलीतही मरते," बसंती म्हणाली. "ज्याचं त्याचं सोसणं अलग असते."

"असंन. पण आपल्याले काय त्याचं? समुद्र कुठी, आपुन कुठी!"

सुखीबाई चुंबळीच्या दोऱ्याकडे पाहत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पाऊस कुठून येते मंग?"

उकंडानं वर पाहिलं. मृग लागून तीन दिवस झाले होते आणि आभाळ कोरं होतं.

वर्षं गेली. सुखीबाई थकली, पाणी नळानं येऊ लागलं, चुंबळ खुंटीवर गेली. प्रेमसिंग पुन्हा गवंडीकामाला लागला, आता यवतमाळात. कुंजीबीचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. टीव्हीवरच्या मालिका पाहून ती हिंदी शिकली होती. कधी सांगायची, नवी फांदी दिसली, बोटाएवढी. कधी सांगायची, चंदेरी मासे आलेत थोडे, कोया दोन दिवस गेला होता. बसंती ते तांडाभर सांगत फिरायची, जणू माहेरी बाळंतपण झालंय. मीही त्या बोटाएवढ्या फांद्यांचा हिशेब मनात ठेवू लागले होते. दहा वर्षं मिळाली तर हातभर होतील. वीस मिळाली तर पुन्हा आवाज येईल.

सहा मिळाली.

दोन हजार सोळाच्या मेअखेरीला फोन आला. बाहेर पारा पंचेचाळीसवर होता, बसंती ओल्या फरशीवर आडवी झाली होती. कुंजीबी म्हणाली, समुद्र पुन्हा तापला. बोटाएवढ्या सगळ्या पांढऱ्या झाल्या. लहान होत्या, पहिल्या आठवड्यातच गेल्या. धक्क्याच्या सावलीत दोन-चार तेवढ्या तपकिरी उरल्यात. कोयानं होडी विकली. आता ते दोघं मुख्य भूमीवर आहेत, एका बंदराजवळ. कोया बर्फाच्या कारखान्यात जातो. ती दिवसभर भाड्याच्या खोलीत बसून असते. खिडकीतून बंदर दिसतं.

हे ती रडून सांगत नव्हती. कुणा दुसऱ्याच बाईची हकीकत सांगावी तशा आवाजात सांगत होती. तो आवाज ऐकून मी हबकले. त्या ओहोटीला ऐकलेली शांतता माणसाच्या गळ्यात शिरली होती.

बसंती उठून बसली. ज्या शिवारातून माणसं पोटासाठी बाहेर पडतात, तिथं बसून ती एकदम म्हणाली, "तू इकडं ये. चार दिवस ये. एक खोली खाली हाय."

मग कुंजीबीनं विचारलं, "वहाँ से समंदर दिखता है?"

"नाही वं," बसंती ओशाळून म्हणाली. "लय दूर हाय. इथून काहीच नाही दिसत. नुसती शेतं."

"तो आती हूँ," कुंजीबी म्हणाली.

आज ती येतेय. रहेमानभाई तिला आणायला स्टेशनावर गेलेत, तिथून दिग्रस, मग एसटीनं पुढे. बसंतीनं खोली सारवलीय. तिला काय खायला घालावं या विचारात ती सकाळपासून तीनदा पीठ मळायला बसली आणि उठली. मी खुंटीवर आहे. चाळीसातल्या आम्ही आता अकरा उरलोय.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. त्या एसटीत तुमच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली, परक्या बोलीतली एक बाई बसली, तर तिला खिडकीची जागा द्या. बाहेर कोरडी रानं असतील, ती पाहत बसेल, पाहू द्या. आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून, समुद्र कसा काय असतो हो, असं सहज विचारू नका.

विचारलंतच, तर मग तुमचा थांबा आला तरी उतरू नका. तिचं सांगणं संपेपर्यंत ऐका.